जयमालाबाईंच्या अकरा जणी

जयमालाबाईंना हॉकी वडिलांकडून मिळाली. वडील पिंपरीतल्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते आणि वसाहतीच्या संघात गोलकीपर. ऐंशी साली मॉस्कोत सुवर्णपदक मिळालं तेव्हा जयमाला नऊ वर्षांची होती. वडिलांनी रेडिओ तसाच चालू ठेवून तिला खांद्यावर घेतलं आणि वसाहतीतून फिरवून आणलं. दोन वर्षांनी दिल्लीच्या एशियाडमध्ये पाकिस्तानने सात गोल चढवले. ते तिने शेजाऱ्यांच्या टीव्हीवर स्वतः पाहिलं. त्या रात्री वडील जेवले नाहीत म्हणून तीही जेवली नाही. आईने दोघांची ताटं झाकून ठेवली. तिथून पुढे चाळीस वर्षं तिने हॉकी अशीच पाहिली, जिंकल्याचा आनंद घासभर आणि हरल्याचं दुःख पोटभर.

शाळेच्या संघात ती लेफ्ट हाफ खेळायची. जिल्ह्यापर्यंत गेली. विसाव्या वर्षी लग्न झालं आणि खेळ सुटला, पण पाहणं सुटलं नाही. नवरा शेखर क्रिकेटवाला. घरात टीव्ही एकच, तेव्हा भांडणं व्हायची, आणि बहुतेक वेळा तोच जिंकायचा. बीजिंगच्या ऑलिंपिकला भारताचा संघ पात्रच ठरला नाही हे कळलं त्या दिवशी जयमालाबाईंनी कंपनीत रजा टाकली. अर्जावर कारण लिहिलं, ‘घरात दुःखद घटना’. साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारपूस केली. तेव्हा लांबचे एक काका गेल्याचं सांगून त्यांनी वेळ मारून नेली.

शेखर करोनाच्या वर्षी गेला. पुढच्याच वर्षी टोकियोत आपल्या मुली ब्राँझच्या सामन्यात एका गोलाने हरल्या. मैदानावर बसून रडणाऱ्या त्या मुलींना पाहून जयमालाबाई एकट्या घरात हमसून हमसून रडल्या. नवरा गेल्यावर इतकं मोकळं रडू आलं नव्हतं. याची त्यांना नंतर लाज वाटली, आणि ही लाज त्यांनी कुणाला सांगितली नाही.

त्यांची नोकरी चाकणच्या पट्ट्यात, गाड्यांच्या ब्रेकला लागणारी रबरी सील बनवणाऱ्या कंपनीत. काम शेवटच्या तपासणीचं. नळीच्या दिव्याखाली एकेक सील फिरवून बघायचं आणि चीर, फुगा, केस दिसला की लाल ट्रेमध्ये टाकायचं. तीस वर्षांत नजर अशी तयार झाली होती की हात पोचायच्या आधी डोळ्यांनी माल काढलेला असायचा. त्यांच्या शेजारच्या स्टुलावर शकू बसायची. ती निघोज्याची, कंत्राटावर लागलेली, त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. जयमालाबाईंना ती ताई म्हणायची आणि चहाच्या सुट्टीत त्यांचा कप आधी भरून ठेवायची.

शकूची मुलगी तेजल जयमालाबाईंनी पहिल्यांदा पाहिली ती कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात. अकरा वर्षांची होती. पळण्याच्या शर्यतीत सगळ्या मुली छाती काढून पळत होत्या आणि ही एकटी कमरेत वाकून, जमिनीकडे बघत. मध्येच एकीला चुकवताना तिने अशी गिरकी घेतली की जयमालाबाईंच्या हातातला वडापाव तसाच राहिला. पुढच्याच रविवारी त्या निघोज्याला शकूच्या घरी गेल्या.

शकूचा नवरा दादू. कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेल्या दोन एकरांत कांदा करायचा आणि दिवसा एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. पोरीने अर्ध्या चड्डीवर खेळायचं, पहाटे उठून पिंपरीला जायचं, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. भावकी काय म्हणेल, पुढे लग्नाचं काय, हात-पाय मोडला तर कोण बघणार, असं एकेक तो विचारत गेला. जयमालाबाईंकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. त्यातली निम्मी उत्तरं खरी होती आणि निम्मी त्यांनी तिथल्या तिथे तयार केली. शेवटी दादू म्हणाला,

“आमाला यातलं काय कळत न्हाई. तुमच्या शब्दावर पाठवतो, ताई.”

शनिवार-रविवार तेजल जयमालाबाईंकडे नेहरूनगरला राहू लागली. मैदान घरापासून चालत आठ मिनिटांवर. जयमालाबाई पहाटे तिला उठवायच्या, दूध-केळं द्यायच्या आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या राहून दोन तास सराव बघायच्या. त्यांचा मुलगा जयदीप तेव्हा कॉलेजात होता. तो चिडवायचा की मला कधी एवढं बघितलं नाहीस. पुढे तेजल सरकारी क्रीडा वसतिगृहात गेली, राज्याच्या संघात आली, ज्युनिअर शिबिरांना गेली. पेनल्टी कॉर्नर लागला की गोलपोस्टमधून सुटून थेट चेंडू मारणारीच्या अंगावर धावून जायचं, हे तिचं काम. संघातलं सगळ्यात धोक्याचं काम ते. निघोज्यात शकू डोळे मिटून घ्यायची आणि जयमालाबाई डोळे ताणून बघायच्या.

फँटसी हॉकी त्यांच्या आयुष्यात आली ती जयदीपमुळे. तो आता हिंजवडीत नोकरीला होता आणि मारुंजीत मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होता. अंतर फार नाही, पण वाकडच्या पुलावरची गर्दी सांगून तो महिना महिना यायचा नाही. एकदा आला तेव्हा त्याने आईच्या फोनवर ते ॲप टाकून दिलं. पुरुषांच्या लीगचे सामने होते. सगळ्या संघांतून आपल्याला हवे ते अकरा खेळाडू निवडायचे, त्यातला एक कॅप्टन करायचा. मैदानावर ते जे करतील त्याचे गुण आपल्याला, कॅप्टनचे दुप्पट. पैशाचा काही संबंध नाही, नुसती चुरस. “तुला एवढं कळतं हॉकीतलं, तर लाव की संघ,” तो म्हणाला आणि गेला.

पहिल्या दोन दिवसांत जयमालाबाईंना त्या ॲपचा रागच आला. गोलाला गुण होते, पासला होते, चेंडू हिसकावण्याला होते. पण हाफ खेळणारा चेंडूशिवाय चाळीस यार्ड धावून समोरच्याची वाट बुजवतो, त्याला शून्य. म्हणजे त्या स्वतः शाळेत ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळवायच्या त्याला या खेळात किंमतच नव्हती. त्यांनी ते मैदानावर ओळख झालेल्या धम्मरत्न सरांना बोलून दाखवलं. धम्मरत्न निवृत्त पंच, गावोगावच्या स्पर्धांत शिट्टी वाजवलेला माणूस. तो हसला आणि त्याने त्यांना आपल्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथे नेहरूनगरच्या मैदानाशी या ना त्या नात्याने जोडलेले, त्यांना धरून चौदा जण होते, जुने खेळाडू, दोन प्रशिक्षक, एक मैदानाची निगा राखणारा. सगळे त्या ॲपवर संघ लावायचे आणि व्हॉट्सॲपवर एकमेकांची उडवायचे.

हळूहळू जयमालाबाईंना गोडी लागली. पेनल्टी कॉर्नरवर गोल मारणारा कोणता ड्रॅगफ्लिकर थंडीत चुकतो, कुणाचं मनगट पट्टीत आहे, कोणता गोलकीपर उजवीकडे उशिरा पडतो, हे त्यांच्या डोक्यात चाळीस वर्षं नुसतं साठत होतं. ते ऐकायला कुणी नव्हतं. आता त्याचे गुण मिळू लागले. कंपनीच्या बसमध्ये मोशीपासून चाकणपर्यंत त्या फोनमध्ये डोकं घालून असत. मुलगाही रोज फोन करू लागला. ‘आज कुणाला काढलंस, कुणाला घेतलंस,’ एवढंच बोलणं व्हायचं, पण व्हायचं. पहिल्या वर्षी त्या चौदांत सहाव्या आल्या.

एक गोष्ट मात्र बदलत गेली आणि ती त्यांच्या उशिरा ध्यानात आली. पूर्वी त्या सामना बघायच्या. आता आपले अकरा बघायच्या. सुरेख रचलेला गोल झाला तरी मारणारा आपला नसेल तर मनात काही हलत नसे. उलट एकदा एक अप्रतिम गोल पंचाने नाकारला, तेव्हा त्यांच्या तोंडून सुटकेचा श्वास गेला.

पुढच्या हंगामात बायकांचीही लीग होणार होती आणि तीत एका संघाने तेजलला घेतलं. निघोज्यात फटाके वाजले. दादूने कांद्याची काढणी दोन दिवस थांबवली. धम्मरत्नने तेजलला ग्रुपमध्ये सामील करून घेतलं. आपल्या मैदानाची मुलगी आपल्यात हवी, असं तो म्हणाला. तेजलने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि विचारलं, ‘मला कोण कोण घेणार टीममध्ये?’ सगळ्यांनी हो म्हटलं आणि प्रत्यक्षात एकट्या जयमालाबाईंनी घेतलं. नवी पोरगी, बहुतेक बाकावरच बसणार, तिच्यावर जागा कोण वाया घालवील.

पण तिसऱ्या सामन्यात संघातली एक अनुभवी मुलगी आजारी पडली आणि तेजलला पूर्ण वेळ मिळाला. त्यानंतर ती बाहेर बसली नाही. तिने अंगावर चेंडू घेतले, तीन-तीन पेनल्टी कॉर्नर एकटीने मोडले. चेंडू हिसकावण्याच्या गुणांत ती पहिल्या पाचात गेली. इतरांनी धावपळ करून तिला संघात घेईपर्यंत जयमालाबाई यादीत सगळ्यांच्या वर पोचल्या होत्या. त्यांच्या खाली, नऊ गुण मागे, धम्मरत्न. त्यांनी तेजलला कॅप्टन केलं आणि तिचा फोटो, त्याच्या कोपऱ्यात सोनेरी ठिपका, शकूला दाखवला. शकूने तो फोन दिव्याखाली धरून सील बघावा तसा निरखून बघितला.

तो रविवार जानेवारीतला. जयमालाबाई दुपारीच निघोज्याला गेल्या. घरात पंधरा-वीस माणसं जमली होती, सतरंज्या अंथरल्या होत्या. त्या आणि शकू पुढे, टीव्हीच्या अगदी जवळ. तेजलचा सामना रांचीला साडेतीनला होता, दुसऱ्या दोन संघांचा साडेपाचला. त्या दुसऱ्या सामन्यापासून ॲपवरची शेवटची फेरी सुरू होत होती. पाच वाजून वीस मिनिटांनी संघाला कुलूप लागणार, आणि मग अंतिम सामन्यापर्यंत काही बदलता येणार नव्हतं. जयमालाबाईंना बदलायचं काहीच नव्हतं. संघ ठरलेला होता.

शेवटचं सत्र चालू होतं. तेजल उजव्या बाजूने आलेल्या एका मुलीला अडवायला वळली. कुणी धक्का दिला नाही, काठी लागली नाही. डावा पाय मैदानावर रोवलेला राहिला आणि वरचं शरीर वळलं. ती खाली बसली, मग आडवी झाली. कॅमेरा जवळ गेला. तिचं तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. जयमालाबाईंना त्याच क्षणी कळलं. असे गुडघे त्यांनी आयुष्यात बरेच पाहिले होते. नऊ महिने, कदाचित वर्ष, आणि नंतरही तो पाय त्या पायासारखा कधी होत नाही.

शकूने पदर तोंडावर धरला. टीव्हीवर स्ट्रेचर आलं, तेजलला मैदानाच्या कडेला नेलं, फिजिओने बर्फ काढला. मग जाहिरात लागली.

जयमालाबाईंनी फोन काढला. त्यांनी पुढे अनेकदा तो क्षण आठवून पाहिला. विचार असा काही झाला नव्हता. हात आपोआप गेला, जसा खराब सीलकडे जातो. घड्याळात पाच बारा झाले होते. त्यांनी तेजलच्या फोटोवर बोट ठेवलं, लाल खूण आली, ती दाबली. तिथे करडा चौकोन उरला. त्यांनी यादी खाली सरकवली, एक परदेशी फॉरवर्ड निवडली, तिला सोनेरी ठिपका दिला आणि संघ जतन केला.

बाजूने शकूचा आवाज आला.

“लागला का फोन, ताई? रांचीला लागला का?”

जयमालाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. शकूचे डोळे भरलेले होते, तिला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. ताईने फोन काढला तो आपल्या पोरीसाठी, हे तिने धरूनच चाललं होतं.

“लागत नाही गं,” जयमालाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी खरंच फोन लावला. तेजलचा बंद होता. संघाच्या व्यवस्थापकांचा नंबर दादूकडे एका कागदावर लिहिलेला होता. तो शोधण्यात वेळ गेला, आणि सापडल्यावर तो नंबर सतत व्यस्त. दादू अंगणात फेऱ्या मारत पुन्हा पुन्हा लावत होता. टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नाही. साडेपाचचा सामना सुरू झाला. सहाच्या सुमारास त्या परदेशी फॉरवर्डने उलट्या काठीने गोल मारला, आणि जयमालाबाईंच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. शकूचा हात तेव्हा त्यांच्या हातात होता. तिला ते जाणवलं असेल का, या भीतीने त्यांनी हात सोडवून घेतला आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या. माठापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

सात वाजता फिजिओचा फोन लागला. गुडघ्याचा आतला बंध तुटल्याची शंका होती. दुसऱ्या दिवशी ती शंकाही राहिली नाही.

लीग संपली. जयमालाबाई चौदांत पहिल्या आल्या. त्यांनी कुणाला काही कळवलं नव्हतं, पण ॲप सगळ्यांना सगळं दाखवतं. धम्मरत्नने ग्रुपवर लांबलचक अभिनंदन टाकलं. माणूस मनाने चांगला, मनापासून लिहिलं होतं त्याने. त्यात शेवटी होतं, ‘हंगामातला सर्वोत्तम निर्णय जयमालाताईंचा! शेवटच्या फेरीआधी पाच बाराला कॅप्टन बदलला. इथेच आम्ही हरलो. याला म्हणतात अनुभव.’

जयमालाबाई तेव्हा कंपनीच्या बसमध्ये होत्या. त्यांनी तो मजकूर तीनदा वाचला. कुणाला काढलं ते त्यात लिहिलेलं नव्हतं, पण ते कळायला काय लागतं. तेजल ग्रुपमध्ये आहे हे धम्मरत्न विसरला होता. थोड्या वेळाने त्या मजकुराखाली तेजलचा अंगठा आला. नुसता अंगठा.

शस्त्रक्रिया चिंचवडच्या एका दवाखान्यात झाली. जयमालाबाई तिसऱ्या दिवशी गेल्या. जाताना मुगाची खिचडी आणि कढी घेतली होती, तेजलला लहानपणी आवडायची ती. शकू औषधं आणायला खाली गेली होती. तेजल पाय उशीवर ठेवून पडली होती. चेहरा सुकला होता. ती त्यांच्याकडे बघून हसली, आणि ते हसणं बघून जयमालाबाईंना वाटलं की हिने त्यापेक्षा तोंड फिरवलं असतं तर बरं.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तेजलच म्हणाली,

“काकू, पाच बाराला मी कडेलाच होते. बर्फ लावत होते. मला तेव्हा अजून वाटत होतं की मी परत उतरेन.”

जयमालाबाई डब्याच्या कडीशी चाळा करत राहिल्या.

“राग नाही आला मला,” तेजल म्हणाली. “तुम्हाला आधी कळलं एवढंच. आमच्या कोचनीपण लगेच दुसरीला उतरवलं. खेळात तसंच असतं. फक्त तुम्ही आईला सांगू नका. ती सगळ्यांना सांगते, पोरगी पडली तेव्हा ताईंनीच पहिल्यांदा फोन लावला म्हणून.”

“तुला कसं कळलं, मी तेव्हा फोन लावत नव्हते ते?”

“आईच्याच बोलण्यातून. पडल्या पडल्या ताई फोन लावत होत्या, लागत नव्हता म्हणाली. आणि मग मी ग्रुपवरची वेळ बघितली.”

शकू औषधं घेऊन वर आली. तिने जयमालाबाईंच्या हातातला डबा घेतला, स्वतःच्या हाताने खिचडी कालवली, लेकीला भरवली. “ताई हायत म्हनून धीर हाय,” ती नर्सला सांगत होती.

पुढचे चार-पाच महिने जयमालाबाईंना फार जड गेले. तेजलचा व्यायाम सुरू झाला, गुडघा वाकू लागला, पण संघाकडून पुढच्या वर्षीचा निरोप आला नाही. दादूने कधी एका शब्दाने दोष दिला नाही. भेटला की नमस्कार करायचा, कांदे पाठवायचा. शकू तर कंपनीत नव्या आलेल्या मुलींना ताईंची गोष्ट सांगायची. अख्ख्या घरात सगळे पुतळ्यासारखे बसले होते, एकट्या ताईंचं डोकं चाललं, त्यांनी पटकन फोन काढला. प्रत्येक वेळी गोष्टीत थोडी भर पडायची. जयमालाबाई दिव्याखाली मान घालून सील फिरवत राहायच्या. एक-दोनदा त्यांच्या हातून फुगा असलेला माल पुढे गेला आणि सुपरवायझरने तो परत आणून दाखवला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

त्यांनी ग्रुप सोडला. धम्मरत्नचा फोन आला तेव्हा डोळ्यांचा त्रास सांगितला. जयदीपला ॲप काढून टाकलं म्हणून सांगितल्यावर तो दोन दिवस रोजच्या वेळेला फोन करत राहिला, पण विचारायला काही नव्हतं. मग फोन पुन्हा आठवड्यावर गेला.

श्रावणात शकू त्यांच्या घरी आली. रविवारचा दिवस होता. तिने खण-नारळ आणला होता, पेढ्यांचा पुडा होता. तेजलला मोशीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून घेतलं होतं, कंत्राटावर का होईना. तुमच्यामुळे पोरगी पायावर उभी राहिली, असं म्हणत शकू ओटी भरायला उठली. जयमालाबाईंनी तिचा हात धरला. ओटी नवरा गेलेल्या बाईची भरत नाहीत हा विचार शकूने बाजूला ठेवला होता, हे त्यांना दिसत होतं. तेवढ्यानेच त्यांना राहवलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. ॲप काय असतं, कुलूप कधी लागणार होतं, फोन कशासाठी काढला होता. तेजलने सांगू नका म्हटलं होतं, तेही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

शकू नारळ हातात धरून ऐकत होती. तिला फँटसी वगैरे किती समजलं कुणास ठाऊक. पण त्या क्षणी फोन लावलाच नव्हता, एवढं समजलं. मग ती म्हणाली,

“मला कशापायी सांगितलं, ताई? त्या दिसातली तेवढीच एक चांगली गोष्ट माझ्याकडं हुती.”

जयमालाबाई माफी मागत होत्या, पण शकूने मान हलवून त्यांना थांबवलं. तिने नारळ आणि खण देवापाशी ठेवला, ओटी भरली नाही. पेढ्यांचा पुडा उघडून एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला. चहा नको म्हणाली. दारात चप्पल घालताना तिचा तोल गेला तेव्हा जयमालाबाईंनी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, दाराची कडी धरली.

त्यानंतर भांडण झालं नाही की अबोला झाला नाही. दुसऱ्या दिवशी शकू नेहमीच्या स्टुलावर येऊन बसली. चहाच्या सुट्टीत कपही भरून ठेवला. नव्या मुलींना ती गोष्ट मात्र तिने पुन्हा सांगितली नाही. दिवाळीनंतर दुसऱ्या पाळीत जागा निघाली, शकूने अर्ज केला आणि ती तिकडे गेली. आता पाळी बदलताना दोघींची गेटवर गाठ पडते. बरं आहे का, हो बरं आहे, इतकं बोलणं होतं. तेजल शाळेतल्या मुलींना घेऊन कुठल्या स्पर्धेला गेली हे जयमालाबाईंना तिच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळतं.

पुढच्या हंगामाचे सामने त्यांनी घरी बसून पाहिले. ॲप नव्हतं, संघ नव्हता, चुरस नव्हती. त्यांना वाटलं होतं की आता पूर्वीसारखं पाहता येईल. पण चेंडू हिसकावला की मनात अजून आकडा उमटे, कॅप्टनचे दुप्पट. एका सामन्यात एक लहानखुरी मुलगी पेनल्टी कॉर्नरवर धावून गेली आणि चेंडू मांडीवर घेऊन खाली बसली. जयमालाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तिचा चेहरा पाहिलेलाच नाही. त्या पडद्याकडे वळल्या तोवर ती उठून उभी राहिली होती आणि पुन्हा पोस्टमध्ये जाऊन थांबली होती, पुढच्या चेंडूसाठी. नाव पाठीवर होतं, ते त्यांनी वाचलं नाही.